खिडकी सरकली, गाठ वाढली!

घरातल्या कुणाचा सीटी स्कॅन झाला की तो भलामोठा लिफाफा आणायचं काम बहुतेक तुमच्याकडेच येतं, हो ना? घरी आल्यावर फिल्म बाहेर काढायची, ट्यूबलाइटसमोर धरायची आणि सगळ्यांनी मिळून बघायची. कळत काहीच नाही, पण बघितल्याशिवाय राहवतही नाही. पुढच्या वेळी छातीच्या स्कॅनची फिल्म हातात आली, तर एक गोष्ट नीट बघा. बऱ्याचदा एकाच जागेचे फोटो दोनदा छापलेले असतात. एका फोटोत फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात, पण मधलं हृदय म्हणजे नुसता पांढरा गोळा. दुसऱ्या फोटोत हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या ओळखू येतात, पण फुप्फुसं काळीकुट्ट.

पेशंट मशीनमध्ये एकदाच झोपलेला असतो. तरी फोटो दोन. आणि खरी गंमत, खरं तर काळजीची बाब, पुढे आहे. फुप्फुसात एखादी छोटी गाठ असेल, तर या दोन फोटोंत तिचं माप वेगवेगळं भरू शकतं. एकात ती मोठी, दुसऱ्यात लहान, कधी कधी तर गायबच. मग खरं माप कुठलं?

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं तर एका माणसाची ओळख करून घ्यायला हवी. त्याच्याकडे युनिव्हर्सिटीची पदवी नव्हती. तो डॉक्टर नव्हता. तरी त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आज जगभरातल्या प्रत्येक सीटी स्कॅनमागचे आकडे त्याच्याच नावाने मोजले जातात. त्याचं नाव गॉडफ्रे हाउन्सफील्ड.

गवताच्या गंजीवरून उडी

गॉडफ्रेचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ चा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क गावाजवळ त्याच्या वडिलांची शेती होती. पाच भावंडांत हा शेंडेफळ, आणि बाकीची भावंडं त्याच्यापेक्षा बरीच मोठी. त्यामुळे खेळायला सोबत कमी आणि मोकळा वेळ भरपूर. खेड्यात करमणूक फारशी नाही. पण शेतावर यंत्रं होती, मळणीची, कापणीची, वीज तयार करण्याची. या पोराने ती सगळी न्याहाळली आणि मग स्वतःचे उद्योग सुरू केले.

उद्योग म्हणजे कसले, ते ऐका. आवाज रेकॉर्ड करणारं विजेचं यंत्र घरीच बनवलं. हाताने बनवलेलं ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून खाली झेप घेतली. डांबराच्या पिंपात पाणी आणि ॲसिटिलीन वायू भरून पिंप किती उंच उडतं, हे बघायला गेला आणि त्यात स्वतःच उडायचा राहिला! शाळेत मात्र त्याची गाडी यथातथाच. गणित आणि फिजिक्स सोडलं, तर बाकीच्या विषयांत त्याचं मन रमलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि गॉडफ्रे रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाला. रेडिओवरची मिळतील ती पुस्तकं वाचून काढली, परीक्षा दिली आणि थेट रडार मेकॅनिकांना शिकवणारा प्रशिक्षक झाला. क्रॅनवेलच्या रडार स्कूलमध्ये असताना त्याने वर्गात दाखवण्यासाठी मोठ्या पडद्याचा ऑसिलोस्कोप तयार केला. तुमच्यापैकी सायन्सवाल्यांनी लॅबमध्ये हे यंत्र हाताळलं असेल. त्याचं ब्राइटनेसचं बटण फिरवलं की हिरवी रेघ जाड होते. सिग्नल तोच असतो, फक्त रेघ जाड दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

युद्ध संपल्यावर एअर फोर्समधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याची हुशारी हेरली आणि शिक्षणासाठी अनुदान मिळवून द्यायला मदत केली. लंडनच्या फॅरडे हाउस कॉलेजातून त्याने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला आणि मग ईएमआय कंपनीत नोकरी धरली. हो, तीच ईएमआय, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी! पण कंपनी गाण्यांपुरती नव्हती, रडारपासून कॉम्प्युटरपर्यंत तिचे अनेक उद्योग होते. हाउन्सफील्ड आधी रडारवर काम करत होते, मग कॉम्प्युटरकडे वळले. १९५८ च्या सुमारास त्यांच्या टीमने ‘एमिडेक ११००’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा कॉम्प्युटर बनवायला घेतला. ब्रिटनमधल्या अशा पहिल्यावहिल्या कॉम्प्युटरांपैकी तो एक.

अपयशानंतरची मोकळीक

त्यानंतरचा प्रकल्प मात्र फसला. प्रचंड क्षमतेची मेमरी बनवायची होती, पण बाजाराच्या दृष्टीने ती परवडणार नाही असं दिसलं आणि कंपनीने काम थांबवलं. तुमच्या-माझ्या ऑफिसात अशा वेळी माणसाला दुसऱ्या कामाला जुंपतात. हाउन्सफील्डना मात्र पुढे काय करायचं याचा विचार करायला वेळ दिला गेला. त्यांना पायी भटकंतीची आवड होती. या मोकळ्या काळात, १९६७ मध्ये, त्यांच्या डोक्यात एक कल्पना आकाराला आली. एखादी बंद पेटी न उघडता, सगळ्या कोनांतून तिच्या आरपार किरण सोडून मोजमापं घेतली, तर आत काय आहे ते काढता येईल का?

हे अवघड वाटतंय? एक कोडं घ्या. दोन ओळी, दोन रांगा, म्हणजे चार चौकोन. प्रत्येकात एक आकडा लपवलेला. तुम्हाला फक्त आडव्या आणि उभ्या बेरजा सांगितल्या, तर नेमकं एकच उत्तर निघत नाही. पण एक तिरकी बेरीजही सांगितली की चारही आकडे सापडतात. बारावीतली समीकरणंच ती. साध्या एक्स-रेमध्ये एकाच दिशेची बेरीज मिळते, त्यामुळे हाडामागचं, स्नायूमागचं सगळं एकावर एक चढून दिसतं. हाउन्सफील्डनी ठरवलं, सगळ्या दिशांनी बेरजा घ्यायच्या आणि आतल्या प्रत्येक चौकोनाचा आकडा कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा.

पहिलं उपकरण फारच गावठी होतं. एक्स-रे ट्यूबऐवजी त्यात अमेरिशियमचा किरणोत्सारी तुकडा होता. किरण इतके क्षीण, की एका वस्तूच्या स्कॅनला ९ दिवस लागले! सुमारे २८,००० मोजमापं जमली आणि ती सोडवायला त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरला अडीच तास लागले. मग एक्स-रे ट्यूब आली आणि ९ दिवसांचे ९ तास झाले. प्रयोगासाठी मेंदू हवा होता, तर हाउन्सफील्ड खाटकाकडून बैलाचा ताजा मेंदू आणायचे आणि तो घेऊन लंडनभर प्रवास करायचे. शेजारी बसलेल्या प्रवाशांना पिशवीत काय आहे याचा पत्ता नसेल, हे बरंच म्हणायचं.

इथे एक दंतकथा सांगायला हवी. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशांतून सीटी स्कॅनचा जन्म झाला, असं तुम्ही कुठे तरी वाचलं असेल. गोष्ट ऐकायला छान आहे. पण या संशोधनात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा पैसा मोठ्या प्रमाणात होता. म्हणजे श्रेय द्यायचंच, तर तिथल्या करदात्यांनाही द्या.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनमधल्या विम्बल्डनचं ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटल. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली एक महिला पेशंट मशीनमध्ये झोपली. सोबत होते रेडिओलॉजिस्ट डॉ. जेम्स ॲम्ब्रोज. मोजमापं टेपवर उतरवली गेली, टेप ईएमआयच्या कॉम्प्युटरकडे गेली आणि चित्र तयार होऊन परत आलं. मेंदूत एक गोल, गडद डाग स्पष्ट दिसत होता. कवटी न उघडता, जिवंत माणसाच्या मेंदूतला आजार डोळ्यांना दिसला होता. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७२ मध्ये, हे यंत्र जगासमोर मांडलं गेलं.

आकडे खरे, चित्र त्यांचं रूप

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. ते पहिलं चित्र फक्त ८० बाय ८० चौकोनांचं होतं. एकेक चौकोन साधारण ३ मिलिमीटरचा. तुमच्या मोबाइलमधल्या ॲपचा आयकॉनही याहून बारीक असतो. पण महत्त्वाचं हे, की मशीनने मुळात चित्र दिलंच नव्हतं. तिने दिले होते आकडे. प्रत्येक चौकोनातला पदार्थ एक्स-रे किती अडवतो, याचा एक आकडा.

या आकड्यांची मोजपट्टी हाउन्सफील्डनी पाण्यावर बेतली. पाणी म्हणजे शून्य. त्यांच्या मूळ पट्टीवर हवा होती उणे ५००. नंतर पट्टी दुप्पट केली गेली आणि हवा झाली उणे १०००. चरबी साधारण उणे १००, मेंदूचा भाग ३०-४० च्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०, कठीण हाड १००० आणि त्याहीपुढे. या एककालाच आज हाउन्सफील्ड युनिट म्हणतात.

अडचण अशी, की आकड्यांचा पसारा काही हजारांचा आणि आपल्या डोळ्यांना करड्या रंगाच्या मोजक्याच छटा वेगळ्या ओळखता येतात. सगळी पट्टी एकाच फोटोत कोंबली, तर मेंदू आणि त्यातलं रक्त यांत फरकच दिसणार नाही. हाउन्सफील्डनी यावर जे केलं, ते आजही तसंच वापरलं जातं. त्यांनी पट्टीवर एक खिडकी ठेवली. खिडकीच्या आत जेवढे आकडे येतात, तेवढ्यांनाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा द्यायच्या. खिडकीच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. खिडकी वर-खाली सरकवता येते, त्याला म्हणतात विंडो लेव्हल. ती रुंद-अरुंद करता येते, ती विंडो विड्थ. छातीच्या फिल्मवर दोन फोटो का असतात, कळलं? आकडे त्याच स्कॅनचे, खिडक्या दोन.

मग माप का बदलतं? एक धरण डोळ्यांसमोर आणा. पाण्यात एक टेकाड आहे. पाणी चढलं की त्याचं बेट लहान होतं, उतरलं की मोठं होतं. टेकाड आहे तेवढंच असतं. टेकाडाच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या असत्या, तर पाणी कुठेही असलं तरी बेट तेवढंच दिसलं असतं. पण बाजूंना उतार असतो, म्हणून फरक पडतो. स्कॅनमधल्या गाठीलाही असाच उतार असतो. कडेच्या चौकोनात थोडी गाठ, थोडं फुप्फुस असं मिसळलेलं असतं, शिवाय कुठलंच मशीन कडा अगदी धारदार टिपत नाही. त्यामुळे गाठीचा आकडा आणि फुप्फुसाचा आकडा यांच्यात एकदम पायरी नसते, उतार असतो. विंडो लेव्हल म्हणजे पाण्याची पातळी.

आकडे घालून बघू. गाठ आहे ४० ची. भोवतीचं हवेने भरलेलं फुप्फुस साधारण उणे ८६०. गाठीची खरी कड या दोघांच्या मध्यावर, म्हणजे उणे ४१० च्या आसपास. आता फुप्फुसासाठीच्या नेहमीच्या खिडकीचा मध्य असतो उणे ६०० च्या जवळ. म्हणजे पातळी थोडी खाली, बेट किंचित मोठं. छातीच्या मधल्या भागासाठीची खिडकी असते ४० वर, ४०० रुंद. म्हणजे उणे १६० च्या खालचं सगळं काळं. गाठीचा कडेचा उतार बुडाला, गाठ लहान दिसली. गाठ मुळातच विरळ, धुरकट असेल, तर संपूर्ण टेकाडच पाण्याखाली!

ऑसिलोस्कोपची जाड रेघ आठवली? प्रकार तसाच आहे. फक्त इथे पणाला लागलेलं असतं एखाद्याचं आयुष्य.

एका मिलिमीटरची किंमत

तुम्ही म्हणाल, अर्ध्या-एका मिलिमीटरने असा काय फरक पडतो? हिशोब करा. ६ मिलिमीटरची गोल गाठ ७ ची मोजली, तर तिचं आकारमान सुमारे ५९ टक्क्यांनी वाढलेलं निघतं. फुप्फुसात योगायोगाने सापडलेल्या गाठींसाठी फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या सूचना डॉक्टर वापरतात. धोका कमी असलेल्या माणसात एकच, घट्ट, ६ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असेल, तर सहसा पुन्हा स्कॅनची गरज नाही. ६ ते ८ मिलिमीटरची असेल, तर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा स्कॅन. म्हणजे एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, तर कुणी निर्धास्त झोपणार आणि कुणी वर्षभर धास्तीत राहणार. कॅन्सरच्या उपचारांतही हेच. ठरावीक गाठींच्या मापांची बेरीज २० टक्के वाढली आणि ती वाढ किमान ५ मिलिमीटर असली, तर आजार वाढला असं धरण्याचा नियम आहे. त्यावर औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे ठरतं.

मेंदूतही खिडकी फसवते. अपघातानंतर कवटीच्या आतल्या बाजूला रक्ताचा पातळ थर साचू शकतो. मेंदूसाठीची अरुंद खिडकी साधारण शून्य ते ८० ची. त्यात रक्त जवळजवळ पांढरं, शेजारचं हाड तर पांढरंच. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात, हाड उगाच जाड दिसतं आणि रक्त नजरेतून सुटतं. म्हणून रेडिओलॉजिस्ट खिडकी रुंद करून पुन्हा बघतात.

हे आज कळलेलं नाही. १९७९ मध्येच ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात कोलर, अँडरसन आणि बॅक्स्टर यांनी पडद्याच्या बटणांचा मापांवर होणारा परिणाम मांडला होता. खरं माप हवं असेल, तर लेव्हल वस्तू आणि तिच्या भोवतालच्या आकड्यांच्या मध्यावर ठेवावी, हा त्यातला धडा. आपल्या भाषेत सांगायचं, तर पाणी उताराच्या बरोबर मध्यावर हवं.

योगायोग बघा, त्याच १९७९ साली हाउन्सफील्डना नोबेल मिळालं. सोबत होते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले फिजिसिस्ट ॲलन कॉर्मॅक. त्यांनी या गणिताची मांडणी १९६३ आणि १९६४ मध्येच प्रसिद्ध केली होती, पण तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. हाउन्सफील्डनी आपलं काम स्वतंत्रपणे केलं होतं. दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती!

ईएमआयला मात्र हे यश पचलं नाही. मोठ्या कंपन्या स्पर्धेत उतरल्या आणि काही वर्षांतच ईएमआय स्कॅनरच्या धंद्यातून बाहेर पडली. हाउन्सफील्डना १९८१ मध्ये सर हा किताब मिळाला, पण राहणीमान बदललं नाही. लग्न केलं नाही. स्वतःचं पक्कं घरही बऱ्याच उशिरा घेतलं. नोबेलच्या पैशांतून काय केलं, तर घरातच लॅब थाटली. १९८६ मध्ये निवृत्त झाल्यावरही काम सोडलं नाही. १२ ऑगस्ट २००४ रोजी ते गेले. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

मग आपण काय करायचं? घरात दोन रिपोर्ट असतील, आधी ९ मिलिमीटर आणि आता १०, तर लगेच धीर सोडू नका आणि हुरळूनही जाऊ नका. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून, झूम करून, पट्टी लावून तर अजिबात मोजू नका. मोबाइलने ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट परस्पर बदललेला असतो आणि खालचे आकडे त्या फोटोत नसतातच. फिल्मसोबत सीडी किंवा लिंक मिळते, त्यात ते आकडे असतात. ती जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना जुनी-नवी दोन्ही न्या. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, दोन्ही मापं एकाच विंडोमध्ये घेतली आहेत का? स्लाइसची जाडी सारखी आहे का? जुना स्कॅन शेजारी ठेवून पुन्हा मोजता येईल का? हे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नाही. चांगले रेडिओलॉजिस्ट हे सगळं करतातच, आणि तुम्ही विचारलंत तर समजावूनही सांगतात.

आणि फिल्म हातात असेलच, तर फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं शोधा. डब्ल्यू आणि एल अशी दोन अक्षरं, त्यांच्यापुढे दोन आकडे. ती त्या फोटोची खिडकी. आधी ती वाचा, गाठीकडे नंतर बघा.